डाव्या मनगटाचा फोटो

कल्याणच्या त्या शाळेशी सामना जवळ आला की मी माणसात नसतो, असं माझी बायको म्हणते. ती उगाच बोलणाऱ्यातली नाही. डिसेंबरातल्या त्या तेरा वर्षांखालच्या स्पर्धेच्या आधी तीन आठवडे पानात भाजी कोणती वाढली आहे हेसुद्धा मला कळत नसे. एरवी मी डोंबिवली पश्चिमेच्या एका मराठी शाळेतला पीटीचा शिक्षक. प्रार्थनेला रांगा सरळ करायच्या, बाई रजेवर गेल्या की त्यांचा वर्ग गप्प बसवायचा, स्नेहसंमेलनाला खुर्च्या लावून घ्यायच्या. मला सगळे सर म्हणतात, पण शिक्षक कोणी समजत नाही, हे मला ठाऊक आहे. वर्षातले तीन आठवडे मात्र मी कोच असायचो, आणि त्या तीन आठवड्यांत मी फार वाईट माणूस होतो. हे आज म्हणतो. तेव्हा मी स्वतःला शिस्तीचा समजत होतो.

कल्याणचा कोच माझा लहानपणचा मित्र. रेल्वे कॉलनीच्या मैदानावर आम्ही एकाच संघातून खेळलो. तो पुढे, मी मागे. मी नडग्या फोडून घेऊन चार गोल वाचवायचे आणि त्याने एक मारून पोरांच्या खांद्यावर मिरवायचं, अशी आमची मैत्री. पुढे तो कल्याणच्या शाळेत लागला, मी डोंबिवलीच्या. सलग चार वर्षं अंतिम सामना आमच्यातच झाला आणि चारही वर्षं कप कल्याणला गेला. चौथ्या वर्षी, ठाण्याच्या मैदानावर बक्षीस समारंभ संपल्यावर त्याने माझ्या खांद्यावर हात टाकला आणि दोन्हीकडच्या पोरांसमोर म्हणाला, “पोळी-भाजी केंद्रात जेवून फुटबॉल होत नसतो रे बाबा. पोरांना जरा मटण घाल.” सगळे हसले. मीही हसलो. माझ्या शेजारी सहावीतला एक मुलगा उभा होता, बदली खेळाडू म्हणून नेलेला. तो हसला नाही. त्याची आई स्टेशनजवळच्या एका पोळी-भाजी केंद्रात सकाळपासून पोळ्या लाटते.

याच मुलाबद्दल मला सांगायचं आहे. पुढच्या वर्षी मी त्याला कॅप्टन केलं, आणि पुढे त्याच्या जिवावर जे बेतलं त्यात माझा वाटा आहे. तो किती, हे अजून नीट ठरलेलं नाही.

मी माणसाचे पाय आधी बघतो, चेहरा नंतर. खोड म्हणा. कोणी दारात आलं की चालीवरून मला कळतं, गुडघा कोणता दुखतोय, कोण घाईत आहे, कोण घरी भांडून आलंय. या मुलाचे पाय काड्यांसारखे होते, पोटरी अशी नव्हतीच. संघात सगळ्यांत बुटका तोच. पण बॉल पायात आला की तो मान वर करायचा, आणि ही गोष्ट शिकवून येत नाही. बाकीची पोरं बॉलकडे बघत पळायची, हा बॉल सोडून सगळीकडे बघायचा. पास कुठे द्यायचा हे त्याचं आधीच ठरलेलं असे. सातवीतला मुलगा इतका शहाणा कसा, याचं मला कौतुक वाटायचं. नवल वाटलं नाही. ते वाटायला हवं होतं.

घरी तो, आईवडील आणि लहान बहीण. डोंबिवलीशेजारी कोपरला, खाडीच्या अंगाला एका चाळीत दहा बाय दहाची खोली. वडील ठाण्याला खोपटच्या डेपोत एसटीच्या गाड्या धुवायच्या कामाला. पहाटेच जायचे, त्यामुळे पालकसभेला कायम आईच येई. ती मागच्या बाकावर बसायची आणि काही विचारलं तर नुसती मान हलवायची.

त्या वर्षी कप आणायचाच, असं मी ठरवलंच होतं. कोपरच्या बाजूला एक मोकळा प्लॉट आहे. अर्ध्यात पत्र्याच्या शेड आणि उभे ट्रक, उरलेल्या अर्ध्यात आम्ही. सकाळी सहाला मी चुन्याची फक्की टाकून रेषा आखायचो, ती आठपर्यंत टिकायची. सरावाचे प्लॅस्टिकचे कोन कमी पडले की पोरांच्या चपला मांडायच्या. कल्याणचा गोलकीपर म्हणजे राक्षस होता. बारा वर्षांचा म्हणे, पण उंचीला माझ्या खांद्याला लागेल आणि रुंदीला दोन मुलांएवढा. तो मधोमध उभा राहिला की गोल दिसायचाच नाही. म्हणून मी बायकोच्या दोन जुन्या साड्या आणल्या आणि आमच्या बांबूच्या गोलात मधोमध ताणून बांधल्या. दोन्ही खांबांपाशी हातभर जागा मोकळी. बॉल साडीला लागला की मैदानाला एक फेरी. पोरांनी त्या साडीला गोलीच्या नावाने शिव्या द्यायला सुरुवात केली. मी त्यांना थांबवलं नाही. पंधरा दिवसांत पोरं त्या हातभर जागेतून बॉल काढायला लागली, आणि सगळ्यांत आधी हा.

माझी आणखी एक पद्धत होती. सरावात पाणी नाही. माझ्या कोचने आम्हाला दिलं नाही, मी यांना दिलं नाही. पोट जड होतं, पळवत नाही, असा समज. हा पोरगा मात्र पाण्यासाठी कासावीस व्हायचा. ट्रकवाल्यांच्या पिंपावर मी त्याला दोनदा पकडलं. शिवाय तासाभरात तीनदा करंगळी वर. “कॅप्टन आहेस का नळ आहेस रे?” असं मी सगळ्यांसमोर म्हणालो. पोरं पोट धरून हसली. तो ओशाळून हसला आणि जागेवर जाऊन उभा राहिला.

उपांत्य सामने ठाण्याला झाले. आम्ही आमचा जिंकलो आणि कल्याणचा बघायला थांबलो. मी त्या गोलीच्या पोटऱ्यांकडे पाहिलं. घट्ट, भरलेल्या, लव आलेल्या. ओठावर मिसरूडही होती. माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. चार वर्षं आपण हरतोय ते हे असं. मोठी पोरं खेळवतोय लेकाचा. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून, ही म्हण मला लागू पडेल असं मनातही आलं नाही, कारण आपल्याकडे झाकण्यासारखं काही आहे हे मला माहीतच नव्हतं. मी तिथेच आयोजकांकडून कागद मागून घेतला आणि लेखी तक्रार दिली.

नियम असा होता की तक्रार झाली की मुलाच्या डाव्या मनगटाचा एक्स-रे काढायचा. मनगटातली हाडं किती जुळून आली आहेत त्यावरून डॉक्टर वय सांगतात. आणि तक्रार करणाऱ्याने उगाच कोणाला छळू नये म्हणून, समोरचा कोच त्याच्याही संघातला एक मुलगा निवडणार. त्याचाही फोटो. माझा मित्र माझ्यासमोर आला. चेहरा लाल झाला होता. “तुझा कॅप्टन दे,” तो म्हणाला. मला हसू आलं. संघातला सगळ्यांत किरकोळ पोरगा मागतोय, नुसती चीड म्हणून. मी म्हटलं, “घेऊन टाक.”

एक्स-रे गुरुवारी होता. बुधवारी संध्याकाळी शाळा सुटल्यावर त्याची आई आली. हाताला पीठ तसंच होतं. मी सामानाच्या खोलीत बॉलमध्ये हवा भरत होतो. ती दारातच उभी राहिली.

“सर, त्या हाताच्या फोटूतून वय कळतं म्हणं?”

“हो. दुखत नाही. काळजी करू नका.”

“दुखायचं न्हाई विचारत,” ती म्हणाली. मग खोलीत आली आणि हळू आवाजात म्हणाली, “ह्यो थोरला हाय, सर. कागद धाकट्याचा हाय.”

मला काही कळेना. तिने सांगितलं ते असं. हे लोक जालन्याकडचे. थोरला गावी घरातच झाला, त्याची नोंद कुठे झाली नाही. पुढे बांधकामाच्या कामावर इकडे आले. धाकटा कल्याणला दवाखान्यात झाला, त्याचा रीतसर जन्मदाखला मिळाला. दोघांत अडीच वर्षांचं अंतर. धाकटा चार वर्षांचा असताना तापाने गेला. थोरल्याची शाळा या साइटवरून त्या साइटवर राहून गेली. शेवटी कोपरला खोली मिळाली तेव्हा त्याला पहिलीत घालायला नेला, तर दाखला मागितला. कोणी म्हणालं कोर्टात जा, कोणी म्हणालं गावी जा. गावच्या ग्रामसेवकाने तीनदा परत पाठवलं. चौथ्यांदा नवऱ्याने पेटीतून धाकट्याचा दाखला काढला आणि शाळेत नेऊन दिला. साडेआठ वर्षांचं पोर सहा वर्षांचं म्हणून बसलं, आणि इतकं लहानखुरं होतं की कोणाला शंका आली नाही. त्या दिवसापासून तो मेलेल्या भावाच्या नावाने शाळेत जातो.

मैदानात त्याला नावाने हाक मारली की तो वळत नसे. मी त्याला बहिरा म्हटलं होतं, दोन-तीनदा कानही धरला होता.

“फोटू निघाला तर शाळेतून काढतील का सर? पोलिसात देतील?” ती विचारत होती. “तुम्ही ती तक्रार मागं घ्या. तुमचं ऐकतील.”

घेता आली असती. सामन्याच्या आधी कधीही तक्रार मागे घेता येत होती, मग दोन्ही फोटो रद्द. मला फक्त कल्याणच्या मित्राला फोन करायचा होता आणि माझी चूक झाली म्हणायचं होतं. मी फोन हातात घेतलासुद्धा. कोचांच्या ग्रुपवर त्याचा मेसेज आलेला होता. ‘डोंबिवलीकरांनी मैदानात यावं. दवाखान्यात काय काम?’ खाली दहा-बारा जणांचे हसरे चेहरे. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी फोन खिशात ठेवला.

मग मी एक विचार केला. तो कुठल्या शब्दांत केला ते मला आजही आठवतं. मी मनाशी म्हटलं, या पोराला कधी पोटभर मिळालेलं नाही. उपाशी पोराची हाडं मागे राहतात. हा साडेचौदाचा असला तरी फोटोत बाराचा दिसेल. अंगात काही नसलेल्या त्या पोराच्या अंगावर मी पैज लावली, आणि पैज लावताना मला ती हुशारी वाटली.

“काही होत नाही,” मी त्याच्या आईला म्हणालो. “बारीक आहे तो. हाडंही बारीकच दिसतील.”

तिने माझ्याकडे पाहिलं. “त्याला काही होनार न्हाई ना?” तिने पुन्हा विचारलं. मी म्हटलं, “माझ्यावर सोडा.” ती गेली.

गुरुवारी ठाण्याच्या तपासणी केंद्रात दोन्ही मुलं एका बाकावर बसली होती. राक्षस आणि कॅप्टन. जवळून पाहिला तेव्हा तो राक्षस लहानच होता. नख खात होता. “भाई, दुखतं काय रे?” त्याने आमच्या पोराला विचारलं. आमचा म्हणाला, “नाय रे. हात ठेवायचा फक्त.” मग गोलीने पिशवीतून आपले ग्लोव्हज काढून त्याला दाखवले, याने घालून बघितले, आणि ते एवढे मोठे झाले की दोघं खिदळायला लागले. मी आणि माझा मित्र भिंतीला टेकून दोन टोकांना उभे होतो.

डॉक्टर तरुण होते, घाईत होते. त्यांनी आयोजकांच्या माणसासमोर सांगितलं. गोली, हाडांचं वय चौदाच्या पुढे. कॅप्टन, साडेअकरा. त्याचा फोटो त्यांनी पुन्हा एकदा दिव्यावर धरला. “दाखल्यावर किती आहे याचं?”

“बारा,” मी म्हणालो.

“मग ठीक. थोडी मागे आहेत हाडं, पण एवढं चालतं. मोठा असता तर तपासायला सांगितलं असतं.” त्यांनी पाकीट माझ्या हातात दिलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

मी ते वाक्य पूर्ण ऐकलं. नीट समजलंही. साडेचौदा वजा साडेअकरा, तीन. त्या खोलीत हे गणित येणारा मी एकटाच होतो. आणि मला झाला तो आनंद. हे लिहिताना हात अडतो, पण मला आनंदच झाला. गोली बाद, कॅप्टन पास.

बाहेर जिन्यात माझ्या मित्राने मला अडवलं. आवाज चढलेला नव्हता. “अरे, माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा आहे तो. त्याच्या बारशाला मी जेवलोय. बाराचाच आहे रे. अंगाने थोराड आहे, त्याला तो तरी काय करणार?”

“मशीन खोटं बोलतं का?” मी म्हणालो.

मग त्याने विचारलं, “तुझ्या पोरांचे सगळे दाखले खरे आहेत ना?” मी म्हटलं, “आहेत.” त्याने मान डोलावली. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. तीस वर्षांची ओळख होती, का नाही ठेवणार? त्याच्या मागे तो मुलगा जिन्याच्या पायरीवर बसून ओक्साबोक्शी रडत होता आणि कॅप्टन त्याच्या शेजारी नुसता उभा होता.

अंतिम सामना आम्ही दोन-एक जिंकलो. कल्याणचा बदली गोली घाबरलेला होता, कडेचा प्रत्येक बॉल त्याच्या हातून सुटत होता. पहिला गोल कॅप्टनच्या पासवर झाला, दुसरा त्याने स्वतः मारला, डाव्या खांबाला लागून आत. मध्यंतरात तो दोनदा लघवीला पळाला आणि बाटलीभर पाणी प्यायला. त्या दिवशी मी काही बोललो नाही. शेवटच्या दहा मिनिटांत तो पांढराफटक पडला होता, पोटरीत गोळे आले होते. मी काठावरून ओरडलो, “उभा राहा! बाहेर यायचं नाही!” तो उभा राहिला. शिट्टी झाल्यावर पोरांनी त्याला उचललं तेव्हा तो इतका हलका होता की दोघंच पुरले.

माझा मित्र हात मिळवायला आला. “या वेळी पोळी-भाजी जिंकली,” तो म्हणाला. चेष्टा करायला त्याने तोंड उघडलं होतं, पण ती जमली नाही. त्याच्या भाच्याने पुढे फुटबॉल सोडला. शाळेत पोरं त्याला ‘काका’ म्हणून चिडवायला लागली, अजून चिडवतात, असं मला दुसऱ्याच कोणाकडून कळलं.

कप मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत काचेच्या कपाटात गेला. एक्स-रेचं पाकीट माझ्या कपाटात, शिट्ट्यांच्या डब्याखाली. डॉक्टरांचं ते वाक्य मला अधूनमधून आठवायचं. सांगायला हवं होतं हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं. पण सांगायचं म्हणजे वय सांगायचं. वय सांगितलं की कप जाणार, पोराचा शाळेचा दाखला खोटा ठरणार, आईवडिलांच्या मागे चौकशी लागणार. बिचारे गरीब लोक, त्यांना कशाला संकटात घालायचं, असं मी मनाला समजावलं. ही कारणं खरी होती आणि सगळी माझ्या सोयीची होती. शिवाय पोरगं रोज मैदानात पळतंय, आजारी असतं तर पळालं असतं का? असे नऊ महिने गेले.

कप आल्यापासून मी सराव वर्षभर चालू ठेवला होता. सप्टेंबरात एका सकाळी सराव संपल्यावर तो चपलांच्या ढिगापाशी बसून मोजे काढत होता. मी पायांकडे बघणारा माणूस. मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ त्याच्या नडगीवर उमटला होता, सगळ्यांच्या उमटतो. पण बाकीच्यांचे वळ मी बघता बघता निघून गेले आणि याचा तसाच राहिला, बोटभर खोल. त्या काड्यांसारख्या पायांना गेल्या महिन्यात थोडं मांस धरलंय, असं मला वाटलं होतं. मी खाली बसलो आणि नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खड्डा भरेना. “दुखत नाय सर,” तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांखालीही सूज होती.

मी त्याच्या घरी गेलो. आई म्हणाली, गल्लीतल्या डॉक्टरांना दोनदा दाखवलंय. ते म्हणाले, बारा वर्षांच्या मुलाला वजन-उंची जरा कमी आहे, पण वाढेल, टॉनिक द्या. त्यांचंही चुकलं नव्हतं. बाराच्या मुलाला ते खपून जाण्यासारखं होतं. ज्या कागदाने त्याला शाळेत घेतलं, तो कागद आता डॉक्टरांपुढे जाऊन सांगत होता की याला काही झालेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी पाकीट घेतलं आणि मायलेकांना घेऊन ठाण्याच्या मोठ्या रुग्णालयात गेलो. वडिलांना सुट्टी मिळाली नाही. निघताना त्यांनी बायकोला बजावलं होतं की वय कागदावर आहे तेच सांगायचं. केसपेपरवर बारा लिहिलं गेलं. दोन तासांनी नंबर लागला. डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या होत्या. त्यांनी त्याच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, पोट दाबलं, पायावर अंगठा दाबला. लघवीचं विचारलं, तहानेचं विचारलं. मग केसपेपरकडे पाहिलं आणि थेट त्यालाच विचारलं, “बाळ, वय किती तुझं?”

त्याने आईकडे पाहिलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या बुधवारी, आई गेल्यावर, मी त्याला सामानाच्या खोलीत बोलावून उभा केला होता. कोणीही विचारू दे, डॉक्टर, आयोजक, देव जरी आला तरी उत्तर एकच. मी विचारायचं आणि त्याने सांगायचं, असं वीस वेळा त्याच्याकडून म्हणवून घेतलं होतं. अडखळला की पुन्हा पहिल्यापासून. साडीच्या बाजूची हातभर जागा शिकवली तसंच हेही शिकवलं होतं, आणि माझं शिकवलेलं तो विसरत नसे.

“बारा,” तो म्हणाला. जराही अडखळला नाही.

बाईंनी पेन उचललं. लिहायला लागल्या. मी म्हणालो, “पंधरा. डॉक्टर, तो पंधरा वर्षांचा आहे.”

आईने माझी बाही धरली. मुलगा माझ्याकडे बघत राहिला, आपलं काही चुकलं का, अशा नजरेने. मी पाकिटातून फोटो काढून टेबलावर ठेवला. बाईंनी तो दिव्यावर धरला आणि खालची तारीख वाचली. पुढे सोनोग्राफी झाली, रक्त झालं, ते इथेच सांगून टाकतो. दोन्ही किडन्या लहानपणापासून अधू आणि आता निम्म्याहून जास्त निकामी. म्हणून ती तहान, म्हणून तो सारखा बाहेर पळायचा, म्हणून हाडं वाढायची थांबलेली. त्या नऊ महिन्यांत किती गेल्या आणि आधी किती गेलेल्या होत्या, हे सांगता येत नाही असं बाई म्हणाल्या. मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तेच उत्तर मिळालं.

पण हे नंतर. त्या दिवशी त्यांनी फोटो खाली ठेवला आणि मला विचारलं, “हा काढला तेव्हा याचं खरं वय कोणाला माहीत होतं?”

“मला.”

“तिथल्या डॉक्टरांनी काही सांगितलं नाही?”

“सांगितलं होतं. मोठा असता तर तपासायला सांगितलं असतं, म्हणाले.”

“आणि तुम्ही गप्प बसलात?”

मी हो म्हणालो. त्यांनी चष्मा काढला. “तुम्ही याचे कोण?”

मी टेबलावरचं रिकामं पाकीट सरळ करत राहिलो. त्याच्या आईला वाटलं, बाई खोट्या दाखल्यावरून माझ्यावर रागावल्या आहेत, आणि ती मध्ये पडली. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला मोठ्याने बोलताना ऐकलं.

“त्यांना नका बोलू, बाई. त्यांची काही चूक न्हाई. सर हायत आमचे. सख्खा मानूस करनार न्हाई एवढं केलंय त्यांनी माझ्या लेकरासाठी.”

आणि तिने स्वतः उठून आपलं स्टूल माझ्याकडे सरकवलं. “बसा सर,” ती म्हणाली. “सकाळपासून उभे हायत तुम्ही.”